डब्यामागची डबी

१७ सप्टेंबर, मंगळवार

जोडली एकदाची! पुढे माझी पिकअप, तिच्यामागे माझा डबा, म्हणजे माझं चाकांवरचं घर, डब्यामागे लव्हॉनची डबी. नुसती आगगाडी. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. एकाने तर फोटो काढला. म्हटलं, काढ बाबा, उद्या पेपरात अपघाताच्या बातमीला कामाला येईल.

मला विचारलंसुद्धा नाही तिने. माझ्या नवऱ्याला, ऑर्लिनला, जाऊन वर्ष झालं त्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवण होतं. सगळ्यांच्या देखत, ताटात बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता म्हणाली, "यंदा बीटाच्या हंगामाला मी आर्डिथबरोबर जातेय." झालं! सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या — किती गं चांगली तू! माझ्या तोंडात घास होता. घास गिळेपर्यंत उशीर झाला.

नवरा गेला, नणंद राहिली. सत्त्याहत्तर वर्षांची, माझ्याहून पाचाने मोठी. एका डोळ्यात मोतीबिंदू, लायसन संपलंय, गाडी मे महिन्यात मेली. राहिली ती ही डबी. आत आडवं झालं की पाय भिंतीला लागतात.

माझ्या डब्याला मागे हुक नव्हतं, ते तिनेच लावून घेतलं, चर्चमधल्या नांगर दुरुस्त करणाऱ्याकडून. पैशाऐवजी केक दिला. केकवरचं वेल्डिंग!

"किती भरेल तुझी डबी?" मी विचारलं.

"बाराशे पौंड. त्यातले शंभर पडद्यांचे."

ऑर्लिन डब्यामागे होडी ओढायचा, वीसेक वर्षं. मागचं नेहमी हलकं पाहिजे, म्हणायचा. होडी हलकी होती. तो काही ते सगळं मला समजावून नाही गेला. मी शेजारी बसून विणायचे.

उद्या सकाळी निघायचं. पहिल्या ऑक्टोबरला उत्तरेत हजर झालं नाही की साखरेच्या बीटाचे ढीग रचायच्या कामावरची आपली जागा दुसऱ्याला देतात. ते काम गेलं तर हिवाळा कसा काढायचा, मला माहीत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

पंचेचाळीसच्या वर गेले नाही. मागे गाड्यांची रांग, माझ्या मागे वरात निघाल्यासारखी.

"आर्डी, तो ट्रकवाला तुला शिव्या देतोय."

"तुला ऐकू येतायत ना? मग तूच ठेवून घे."

आरशात माझा डबा दिसतो, डबी दिसतच नाही. मागे आहे हे समजूनच चालायचं. दर पन्नास मैलांनी उतरून फेरी मारली. साखळ्या बघितल्या, पिना बघितल्या, टायरला हात लावला — तापलेत का. लव्हॉन खिडकीतून म्हणते, "मोजतेस काय, कोंबड्या?"

ओ'नीलला मुक्काम. माझ्या डब्याचं दार लागेना. खांदा लावून ढकललं तेव्हा बसलं. हवेत ओल असेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वारा. निघालोच नाही. लव्हॉन दिवसभर भजनं गुणगुणते. सूर एकच, सगळ्यांना तोच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज लाज गेली.

मिझुरी नदी ओलांडून साउथ डकोटात शिरलो. दुपारी लव्हॉनला भूक लागली. तिला भूक लागली की ती देवाचं नाव घ्यायला लागते. एका गावात कॅफे दिसला, बाहेर फळ्यावर लिहिलेलं — राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा रोल. "वळ, वळ!" मी वळले. मूर्खासारखी वळले. समोर भिंत, बाजूला कचऱ्याचा डबा, पलीकडून बाहेर पडायला रस्ताच नाही.

दोन डबे जोडलेले असले की मागे घेता येत नाही. कुणालाच येत नाही. पिकअप डावीकडे, डबा उजवीकडे, डबी तिसरीकडेच, लगेच घडी होते. ऑर्लिन म्हणून तर असाच पेट्रोल पंप शोधायचा ज्यात एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येतं. चाळीस मैल उपाशी राहायचा, पण वळायचा नाही.

मग काय, सगळं हाताने सोडवलं. कॅफेतले म्हातारे टोप्या सावरत बाहेर आले. असल्या वेळी ह्यांना कुठून हुरूप येतो कुणास ठाऊक. आधी डबी सोडली. तिघांनी ढकलली. हलेना! चौथा आला.

"काय भरलंय, बाई, यात? नवरा?"

लव्हॉन म्हणाली, "नवरा हलका होता. उचलून दाराबाहेर ठेवता यायचा."

हसले सगळे. मी नाही हसले. बाराशे पौंडांची डबी तीन माणसांना हलत नाही?

चिली खाल्ली. रोल शिळा होता. तिने दोन खाल्ले.

२१ सप्टेंबर, शनिवार

धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी केली. सोयाबीनचे ट्रक वजनकाट्यावर चढत होते. मीही लागले रांगेत. काट्यावरची बाई खिडकीतून म्हणाली, "आजी, सोयाबीन कुठंय?" म्हटलं, "सोयाबीन नाही, नणंद आहे. वजन करायचंय."

आधी सगळं मिळून. मग डबी सोडून पुन्हा. आकडा बघितला आणि पुन्हा बघितला.

एकोणीसशे ऐंशी पौंड! माझ्या डब्याहून फक्त चारशेने कमी.

"काटा चुकलाय," लव्हॉन म्हणाली.

"त्या काट्यावर ह्या गावाचं पोट चालतं. उघड दार."

"माझं सामान आहे."

"माझं हुक आहे. उघड!"

उघडलं. बरण्या. खालपासून वरपर्यंत काचेच्या बरण्या — काकड्या, बीट, मका, टोमॅटो, चोकचेरीचा जाम. शिवणयंत्र, ते लोखंडी, पायाचं. हिवाळ्याचे कोट. ख्रिसमसचे दिवे. भिंतीवरचे फोटो टॉवेलात गुंडाळलेले. आणि सगळं पुढच्या बाजूला रचलेलं, म्हणजे सगळा भार माझ्या डब्याच्या शेपटीवर.

"बीटाच्या महिनाभराच्या कामाला ख्रिसमसचे दिवे?" मी विचारलं.

तिने टॉवेलातला एक फोटो पुन्हा नीट गुंडाळला. मागे एक ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

मग म्हणाली, "घर विकलं लायलने. एप्रिलमध्येच. निघायच्या आदल्या दिवशी किल्ली देऊन आले."

लायल तिचा मुलगा. फिनिक्सला असतो. आईला राहू दिलं होतं त्या घरात, मग गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे ही महिनाभरासाठी आलीच नाही. सगळं घर घेऊन आलीय. आणि ते मी ओढतेय!

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू जोडलंच नसतंस."

खरं बोलली. त्याचाच राग आला.

साठ बरण्या पिकअपमध्ये टाकल्या, यंत्र चाकांच्या वर सरकवलं. कंबर गेली. एकमेकींशी बोललो नाही. बोललो ते एवढंच — "धर", "ठेव", "पायावर नको".

२२ सप्टेंबर, रविवार

दार आजही लागत नाही. ओल नाही ती. हवा खडखडीत आहे.

बाकावरची गादी काढली. मागच्या भिंतीला, जमिनीला लागून, भेग. माझं बोट जातं तीत. कालची की आधीची, कोण सांगणार. पेन्सिलने दोन्ही टोकांना खुणा केल्या, बाजूला तारीख घातली.

डार्लाचा ओमाहाहून फोन आला. पोरगी माझी, पण बोलते वकिलासारखी. "आई, तिला जिथे आहे तिथे सोड. असे डबे लावतात त्या पार्कात जागा घेऊन दे आणि नीघ. तुझा डबा मोडला तर तू कुठे जाणार? माझ्याकडे? इथे पोरं एकावर एक झोपतात."

म्हटलं, "तुझ्याकडे येईन असं कोण म्हणालं?"

"मी फक्त सांगतेय."

खरं तेच सांगत होती. आतून कळतं ना. तिच्या घरी मी गेले तर आठ दिवस पाहुणी, नवव्या दिवशी अडचण. तिचा दोष नाही. मी अशीच आहे.

हा चौदा फुटांचा डबा आहे म्हणून मी कुणाच्या दारात नाही. एवढंच आहे माझ्याकडे.

२३ सप्टेंबर, सोमवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

अ‍ॅबरडीनच्या पुढे उतार होता. फार नाही, ह्या सपाट मुलखात उतार तो काय! समोरून धान्याचा मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा तडाखा बसला. आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. आरशात माझा डबा डावीकडे दिसला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त! पिकअपचं मागचं टोक उचलल्यासारखं हलकं. स्टिअरिंग हातात, पण गाडी माझी नाही.

पाय ब्रेककडे गेला. मी नेला नाही, तोच गेला. परत ओढला. पायाने ब्रेक मारला की मागचे दोन्ही अंगावर येतात, हे ऑर्लिनने न शिकवताही माहीत होतं; बघितलं होतं एकदा शेजाऱ्याचं. डब्याच्या ब्रेकची कळ वेगळी असते, स्टिअरिंगखाली. ती बोटांनी दाबली, हळू, आणि दाबून धरली. एक झोका. अजून एक. मग लहान. मग थांबलं.

रस्त्याच्या कडेला उभी केली. लव्हॉनने दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता, मला कळलंही नव्हतं. बोटांचे वळ उठलेत.

"आर्डी," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

मागे जाऊन बघितलं. पेन्सिलच्या खुणेच्या बाहेर भेग दोन बोटं गेली होती. तिला नाही सांगितलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नॉर्थ डकोटाच्या हद्दीलगत छोटं गाव. वीस मैलांच्या वेगाने आलो. एक वेल्डिंगवाला आहे, क्लेमेन्स नावाचा. पन्नाशीचा, पोट पुढे, नांगरणीच्या यंत्रांनी अंगण भरलेलं. पाठीवर सरपटत डब्याखाली गेला, नुसते बूट बाहेर. बराच वेळ खालून 'हं, हं' येत राहिलं.

बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघेना. हात पुसत राहिला.

"हे कुणी लावलं?"

"ह्यांच्या चर्चमधल्याने."

"चर्च चांगलं असेल. वेल्डिंग नाही."

मग त्याने सांगितलं. डब्याची चासी, खालचा सांगाडा, पत्र्याएवढी पातळ. पिकअप पुढून ओढते, डबी मागून लटकते, मधल्याची कंबर वाकते. मागे हुकापाशी वाकलीच आहे. हुक कापून काढलं, पट्ट्या लावल्या, मागे काही ओढलं नाही, तर डबा टिकेल. जपून हाकलं तर. डबी जोडून अजून शंभर मैल गेलं तर नाही टिकणार.

"दोन फेऱ्या करता येणार नाहीत का? आधी एक, मग दुसरी?" लव्हॉनने विचारलं.

मीच उत्तर दिलं. "पिकअप जुनी आहे, लव्हॉन. तिकडून परत यायचं, पुन्हा जायचं. आणि पहिल्या तारखेला हजर व्हायचं. नाही जमणार."

जमलं असतं. दिवस होते. का नाही म्हटलं मी?

कारण एकदा तिथे नेली की ती माझीच झाली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, मग हिवाळा, मग पुढचा हिवाळा. तिचा डोळा, तिचे गुडघे, तिची भजनं. लायल फोन उचलत नाही. मग राहिलं कोण? मी.

लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

जत्रेच्या मैदानामागे पार्क आहे. झाडं तीन. माणूस एकही नाही, हंगाम संपलाय. राखणदार म्हणाला, एक तारखेला नळ बंद करतात, पाइप गोठतात म्हणून. त्यानंतर राहायचं तर राहा, वीज आहे, पाणी नाही. नोव्हेंबरात काय करायचं विचारलं तर खांदे उडवले.

पिठाच्या गोळ्यांचं सूप केलं. तिला आवडतं. म्हणजे मी तिला सांगणार होते म्हणून केलं, लपवू कशाला! तिने दोन वाट्या खाल्ल्या, पाव घेऊन वाटी पुसली.

मी म्हटलं, "लव्हॉन, ऐक."

"सोडणार आहेस मला."

"कुणी सांगितलं?"

"तू सूप करतेस कधी?"

मी म्हटलं, लायलला कळव. म्हटलं, चर्च आहे इथे, आपल्यासारखंच, पाद्र्याशी बोलते मी. म्हटलं, बीट आटोपलं की बघू. मी बोलत होते आणि माझंच मला ऐकू येत होतं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. लाव इथे. पण दार पूर्वेला ठेव. सकाळचं ऊन आत येऊ दे."

भांडेल असं वाटलं होतं. ऑर्लिनचं नाव काढेल, रडेल, चर्चमधल्या बायांना फोन करेल. त्या सगळ्याला उत्तरं तयार होती माझ्याकडे. मी वाट्या धुवायला घेतल्या.

माझ्या डब्यात दुसरा बाक आहे. ऑर्लिनचा. त्यावर खोकी आहेत. डबी राहू दे इथेच, तू ये माझ्याबरोबर, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. नाही म्हटलं. चौदा फुटांत दोन म्हाताऱ्या, हिवाळाभर! मला आवाज झाला की झोप लागत नाही, तिला गप्प बसवत नाही.

ही कारणं आहेत. चांगली कारणं आहेत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

क्लेमेन्सने हुक कापलं. ठिणग्या, धूर, आणि मग ठण्ण करून खाली पडलं. पट्ट्या लावल्या मागे. "पुढचंही बघ," म्हणणार होते, पण दुसरं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, आणि त्रास मागेच होता, भेग मागेच होती. नाही म्हटलं.

डबी पूर्वेला तोंड करून लावली. चाकांना ठोकळे. पिकअपमधल्या साठ बरण्या परत नेऊन दिल्या. तिने मोजून घेतल्या! "एकोणसाठ आहेत," म्हणे. एक मका मी खाल्ला होता रविवारी. कबूल केलं.

"चांगला होता?"

"मीठ जास्त."

"तुझ्या तोंडाला लागलं असेल."

दोघी हसलो. नको होतं हसायला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

निघाले. सकाळीच, ऊन पडायच्या आत. तिच्या दाराचा पडदा हलला, दार उघडलं नाही. मीही हात केला नाही. पडद्याला काय हात करायचा!

एवढं हलकं वाटलं पिकअपला. पन्नास, पंचावन्न. मागून झोका नाही. आरशात डबा सरळ. डब्याचं दार लागतं! पहिल्याच झटक्यात, खट्ट. चार वेळा उघडून लावून बघितलं. एलेंडेलच्या पुढे पंपावर भिंतीसमोर उभी केली आणि मुद्दाम मागे घेतली. जमलं. कुणी बघत नव्हतं, नाहीतर टाळ्या मागितल्या असत्या.

थर्मासमधली कॉफी प्यायले. डार्लाला फोन केला. "सुटलीस एकदाची!" म्हणाली. मी म्हटलं, "हो." नातवाने फोन हिसकावून विचारलं, लव्हॉन आजी कुठंय? म्हटलं, तिला एक चांगली जागा मिळाली, झाडांजवळ. तीन झाडं आहेत ती.

शेजारची जागा रिकामी आहे. पाय पसरता येतात. नकाशा मीच बघते. गप्प बसता येतं. भजन नाही. एवढी शांतता, की मीच एकदा काहीतरी गुणगुणले. तिचा सूर होता. थांबले.

माझं चुकलं नाही. इथे बसून सगळं नीट मांडलं, दोन्ही बाजूंनी. डबा वाचवला. काम वाचवलं. माझ्या वयाला अजून काय वाचवायचं असतं?

एक लिहायचं राहिलं. तिने काल बरण्या मोजून झाल्यावर एक पिकअपमध्ये, शेजारच्या सीटखाली सरकवून ठेवली होती. चोकचेरीची. आत्ता दिसली. ओरडू तरी कुणावर?

जेम्सटाऊन अजून तीस मैल. दुपारच्या आत पोचेन.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल रेल्वेच्या फाटकावर डब्याची ओढायची दांडीच तुटली, पुढून, जिथे ती चासीला मिळते तिथून. कुणी बघितलंच नव्हतं तिकडे. डबा खड्ड्यात, कुशीवर, भिंती उघड्या, ऑर्लिनचा बाक बाहेर गवतात. मला खरचटलंसुद्धा नाही. क्लेमेन्स आला, बघितलं, टोपी काढली.

पिकअप धड आहे. तिच्या मागचा, डबा अडकवायचा लोखंडी गोळाही धड आहे. त्याला जोडता येईल असं एकच घर उरलंय, आणि ते माझं नाही.

आज सकाळी डबीचं दार वाजवलं. सबंध पार्कात ती एकटी, तरी आतून विचारते, "कोण?"

नाव सांगितलं.

दार उघडायला वेळ लावला तिने. लावू दे.